स्क्रूची मागणी

तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी हाडात पट्टी, सळई, स्क्रू नाहीतर तार असेल. ती तिथं का बसवली, आणि दुसरं काही का बसवलं नाही, हे तुम्ही कधी विचारलंत का?

माझ्या उजव्या गुडघ्यात तार आहे. दोन वेढे, पुढच्या बाजूला पीळ देऊन दाबलेले. ती का आहे ते मला माहीत आहे, माझ्या मायला माहीत आहे, आणि आष्टीकडच्या एका मळेवाल्यालाही माहीत आहे, ज्याचा माझ्या गुडघ्याशी काही संबंध नव्हता. हे सगळं कळायच्या आधी मी एक मोठी चूक केली होती. ती मी लपवणार नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसानं आपली चूकही तितक्याच ठळक अक्षरात लिहावी, असं आमच्या घरात मानतात.

आमचं घर परतूरपासून तीन कोसांवर, रुळाच्या कडेला. बा रेल्वेच्या, रूळ राखणाऱ्या गँगमध्ये रोजंदारीवर होता. दुष्काळात तो खडी फोडायच्या कामावर होता, तिथं त्याचा हात बघून गँगच्या मेटनं, म्हणजे मुकादमानं, त्याला आपल्याकडे घेतलं. रोजंदारीवाल्याला रेल्वेचा पास नव्हता आणि रेल्वेचा दवाखानाही नव्हता. मात्र त्याच्या वाटणीचा रूळ बिघडला तर जबाबदारी पक्क्या नोकरीवाल्याइतकीच.

घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीतला जो कुणी सभेला जायचा तो येताना पत्रक आणायचा. बा ती घडी न घालता आणायचा, आणि माय ज्वारीच्या पिठाची खळ करून ती कुडाला चिकटवायची, फटीतून वारा येऊ नये म्हणून. पिवळी, गुलाबी, हिरवी पत्रकं. मी अक्षरं त्या कुडावर शिकले. मला सलग वाचता आलेला पहिला शब्द ‘बंधूंनो’ होता. ‘भगिनींनो’ पुष्कळ पत्रकांत नसायचाच, आणि त्यावरून मी बाशी पहिलं भांडण केलं तेव्हा आठ वर्षांची होते. बा म्हणाला, बराबर हाय, तू लिहिशील तव्हा घाल. बासुद्धा त्याच कुडावर शिकला, माझ्या मागून. आधी वाचायला, मग सही करायला. त्याची सही मोठी आणि तिरपी. एकेक अक्षर तो असं लिहितो की जणू पहारीनं खडी सारतोय.

मॅट्रिकच्या वर्षाला मी सायकलवर परतूरच्या शाळेत जायची. सायकल बाची. त्याला रुळानंच पायी जावं लागे, म्हणून ती माझी झाली होती. आमच्या वस्तीत मॅट्रिकला बसणारी मी पहिली मुलगी. येता-जाता सहा कोस पायी चालून ते वर्ष निघालं नसतं. सायकल होती म्हणून शाळा होती. पुढं जे झालं त्यात माझ्या दृष्टीनं पणाला लागलं होतं ते एवढंच. मला सुंदर चालायचं नव्हतं, धावायचं नव्हतं. मला तो पायडल मारायचा होता.

घरापासून थोड्या अंतरावर गाडीवाट रूळ ओलांडते. फाटक नाही. तिथं रुळाच्या आतल्या अंगाला चाकाची कड जाण्यासाठी फट सोडलेली असते. ती भरता येत नाही, भरली तर गाडी घसरेल. रूळ काटकोनात ओलांडायचा, हे बानं मला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी कॅरिअरला पत्रकांचा गठ्ठा होता, वसतिगृहातल्या जेवणाबद्दलचा, दुसऱ्यांनी लिहिलेला, वाटायला दिलेला, आणि मला उशीर झाला होता. मी तिरपी घुसले. पुढचं चाक फटीत बसलं, मी उजवा पाय टेकला, आणि माझं सगळं अंग सायकलसकट त्या पायावर फिरलं. गुडघ्याच्या आत काहीतरी कट झालं. वाळलेली तुराटी मोडावी तसं.

पत्रकं रुळावर पसरली होती. मी बसल्या बसल्या हाताला आली तेवढी गोळा केली. उठायला गेले तेव्हा पाय माझा राहिला नव्हता.

तासाभरात गुडघा खरबुजासारखा फुगला. शेजारच्या बाया जमल्या. हळद गरम करा, तेल घालून चोळा, आत शिर चढली असंल, आष्टीच्या रस्त्याला एक जण हाड बसवून देतो, अशा सगळ्यांच्या सूचना. मायनं तवा चुलीवर ठेवलाही होता. बा कामावरून आला, गुडघ्याला हात लावला आणि तवा उतरवायला सांगितला.

“रूळ सरकल्याचा संशय असला की त्याच्यावरून गाडी न्हाई सोडत,” तो म्हणाला. “आधी तपासायचं. मंग ठोकाठोकी.”

एक बाई म्हणाली, पोरगी म्हंजी काय रूळ हाय का. बा म्हणाला, रुळाला तर मी एवढा जपतो, तुमीच इचार करा.

त्यानं आपल्या दोन झेंड्या आणल्या, लाल आणि हिरवी. कापड सोडवून ठेवलं आणि त्या काठ्या माझ्या पायाच्या दोन्ही अंगांना लावून मायच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधल्या. तशीच मी बैलगाडीत परतूरला आले आणि पॅसेंजरनं जालन्याला. डब्यात एक माणूस म्हणाला, ही काय जखमेची पट्टी म्हणायची का सिग्नल. एका काठीला हिरव्या कापडाची चिंधी राहिली होती. मी दुखण्यातही हसले. ते आठवून मला आजही स्वतःबद्दल बरं वाटतं.

जालन्याला ज्या दवाखान्यात नेलं तिथं हाडांचे एक डॉक्टर होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. माणूस हुशार होता आणि कमी बोलायचा. त्यांनी गुडघ्यात सुई घालून रक्त काढलं. ते पांढऱ्या वाटीत सोडलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. रश्शावर तर्री यावी तसे त्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगायला लागले. डॉक्टरांनी ते शिकाऊ डॉक्टरांना दाखवलं. आम्हाला नाही. पण वाटी माझ्याच उशाशी होती, मी मान वळवून पाहिलं, आणि शिकाऊंपैकी एकाला विचारलं. तो बिचारा बोलून गेला: ही हाडाच्या आतली चरबी, म्हणजे आत हाड फुटलंय. एक्स-रेत ते दिसलंच. गुडघ्याच्या आत दोन हाडांना धरून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात. माझी पुढची दोरी तुटली नव्हती. तिनं खालच्या हाडाचा तुकडाच उपटून वर ओढून धरला होता.

आधी पाय सरळ करून मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो पाहिला, मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. संध्याकाळी सिस्टर कागद घेऊन आली. ऑपरेशन करायचंय, तार घालणार, वडिलांचा अंगठा पाहिजे.

बा तेव्हा व्हरांड्यात होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटच्या माणसांचं एक गावच वसलेलं असे. तिथं चुली होत्या, वाळत घातलेली धोतरं होती, आणि ज्याच्याकडे एक्स-रे असेल तो दिवसातून चारदा तो उन्हाला धरून दाखवायचा. लग्नाचा फोटो दाखवावा तसा. तिथं आष्टीकडच्या एका मळेवाल्याचा मुक्काम होता. त्याचा तरणा मुलगा फटफटीवरून गुडघ्यावर पडला होता आणि त्याचं ऑपरेशन आठवडाभर आधी झालं होतं. त्याच्या फोटोत एक स्क्रू होता. पांढराशुभ्र, आटे मोजता येतील असा. मळेवाला प्रत्येकाला सांगायचा, मुंबईहून आलाय. बानं तो पाहिला आणि मला येऊन सांगितलं, कौतुकानंच. काय कारागिरी हाय म्हणाला.

माझ्या डोक्यात मात्र आग पेटली. गुडघा त्याचाही, गुडघा माझाही. हाड त्याचंही उपटलं, माझंही उपटलं. त्याला मुंबईचा स्क्रू आणि मला तार. मी बाला म्हटलं, कागदावर काही करू नकोस. सिस्टरला म्हटलं, घरी पत्र लिहायचंय, दोन-तीन कार्बन दे. ती खोटी सबब होती. आज तिची माफी मागते. पाठीवर पडून, छातीवर पाट ठेवून, मी बॉलपेन दाबून दाबून पत्रक लिहिलं. चार प्रती निघाल्या. शेवटची फिक्कट.

“रुग्ण भगिनींनो आणि बंधूंनो,” असं सुरू केलं होतं. भगिनी आधी. पुढं असं: “एकाच दवाखान्यात मळेवाल्याच्या मुलाला मुंबईचा स्क्रू आणि गँगमनच्या मुलीला कुंपणाची तार, हा न्याय कुठला? आमच्या हाडाची किंमत कमी आहे काय? आम्हाला तारेवर बोळवण नको. आम्हाला स्क्रूच पाहिजे. आणि आम्हाला काय करणार ते आम्हाला सांगितलंच पाहिजे.”

मायनं भाकरीच्या पिठाची खळ केली आणि बा पाणी आणायला गेला तेवढ्यात चारही प्रती चिकटवून आली. दोन व्हरांड्यात, एक पाण्याच्या टाकीला, आणि एक थेट डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला. मायला वाचता येत नव्हतं. दारावरची प्रत उलटी लागली होती. मला हे नंतर कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, “सरळ लावला असता तर साहेब उभा राहून वाचला असता का? मान वाकडी करून वाचून राह्यला व्हता, म्या पाह्यलं.”

डॉक्टर सकाळी आले ते दारावरची प्रत हातात घेऊनच. एका कोपऱ्याला अजून ओली खळ होती. त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, मी. ते बाच्याकडे वळले.

“पोरीचा पाय नीट करायचाय का नाही? करायचा असेल तर इथं अंगठा दे, नसेल तर घेऊन जा.”

बा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं पत्रक अजून वाचलं नव्हतं. त्यानं डॉक्टरांच्या हातातून ते मागून घेतलं, तिथंच उभ्यानं वाचलं, बोट फिरवत, एकेक ओळ. त्याला वेळ लागला. डॉक्टर थांबले, याचं मला आजही नवल वाटतं. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली. घडी घातलेलं पत्रक मी त्याच्या हातात पहिल्यांदाच पाहिलं.

“मी अंगठा न्हाई लावत साहेब, सही करतो,” बा म्हणाला. “पोरीचा शेवटचा सवाल बराबर हाय, बाकीचं मला ठाऊक न्हाई. मी कशावर सही करून राह्यलो ते मला सांगा. मंग जल्दी करतो.”

डॉक्टरांनी मग शिकाऊ डॉक्टरकडून माझे फोटो मागवले आणि खिडकीकडे गेले. बालाही बोलावलं. खिडकी माझ्या खाटेजवळच होती, म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला, आणि मान वर केली की फोटोही दिसत होता.

त्यांनी सांगितलं की अशा तुकड्याला जागेवर बसवायच्या तीन वाटा आहेत. पहिली, पाय सरळ ठेवून प्लास्टर. तुकडा आपण होऊन खाली बसला तर चिरफाड लागत नाही. ती करून पाहिली, बसला नाही. बहुतेक गुडघ्यातल्या गादीची कड तुकड्याखाली अडकली असावी.

“रूळ आन् त्याच्याखालचं लाकडी स्लीपर, ह्यांच्यात खडा राह्यला की रूळ बसत न्हाई,” बा म्हणाला. “किती बी दाबा.”

“तसंच,” डॉक्टर म्हणाले. मग गुडघा उघडावा लागतो, अडकलेली कड बाजूला सारावी लागते आणि तुकडा जागेवर बसवून धरून ठेवावा लागतो. धरायला दोन गोष्टी आहेत, स्क्रू नाहीतर तार. बानं विचारलं, स्क्रू कधी आणि तार कधी. डॉक्टर म्हणाले, तुकड्यावर आहे. त्या मुलाची मागची दोरी होती, तिनं अर्ध्या सुपारीएवढं हाड उपटलं होतं. यात बघ. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. हरभऱ्याएवढा तुकडा, आणि त्यालाही मधोमध भेग.

बानं फोटोजवळ तोंड नेलं. आम्हाला वाटलं त्याला दिसत नाही. तो भेग बघत होता.

“मंग ह्याच्यात स्क्रू न्हाई चालायचा,” तो सावकाश म्हणाला. “स्लीपरचं टोक चिरलेलं असलं आन् त्याच्यात खिळा मारला, की लाकूड उभं फाटतं. खिळा बी जातो आन् लाकूड बी. आमी तसल्या टोकाला तार आवळतो, वरून. तार धरून ठेवते, फाडत न्हाई.”

डॉक्टरांनी फोटो खाली घेतला. शिकाऊ डॉक्टर बाच्याकडे बघत होता.

“लाकडात आणि हाडात एक फरक आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं लाकूड पुन्हा जुळत नाही. हाड जुळतं. तारेनं फक्त ते जुळेपर्यंत धरायचं. आम्ही नडगीच्या हाडातून दोन बारीक भोकं वर काढतो, तार दोरीच्या मुळाशी ओवतो, दोन्ही टोकं भोकांतून खाली आणून पुढं पीळ देतो. बाकी तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे.”

‘दे’चं ‘तुम्ही म्हणालात’ झालं होतं. खाटेवर पडून मी ते ऐकलं. अशा वेळी छाती फुगते म्हणतात. माझी फुगली, आणि रात्रीपासून छातीवरच राहिलेला तो पाट घसरून खाली पडला.

बानं आणखी एक विचारलं. पीळ किती द्यायचा. कमी दिला तर ढिली राहील, जास्ती दिला तर तार हाडाला कापील. डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, ते पुस्तकात नाही, ते हातात असतं. बा म्हणाला, मंग ठीक हाय. आणि त्यानं सही केली, मोठी आणि तिरपी, रेघेच्या बाहेर जाणारी.

डॉक्टर गेल्यावर तो माझ्याजवळ बसला. मला रडू येत होतं, ते दुखण्याचं नव्हतं. मी आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्रक, आणि त्यातली मुख्य मागणी अशी, की ती मान्य झाली असती तर माझाच गुडघा फुटला असता. मी न्याय म्हणून जे मागत होते ते माझ्या हाडाला परवडणारं नव्हतं. बा रागावला नाही. तो म्हणाला, “इचारलंस ते बराबर. मागितलंस ते चूक. चूक ज्या भितीला लावली त्याच भितीला दुरुस्ती लावायची. तेवढ्याच मोठ्या अक्षरात.”

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. मी पुन्हा कार्बन मागितला. या वेळी खरं कारण सांगितलं. सिस्टर म्हणाली, या वेळी माझं नाव घालू नको. नाव कुणाचंच घातलं नव्हतं, तेही सांगितलं. दुसरं पत्रक असं होतं: “मागील पत्रकात स्क्रूची मागणी केली होती. ती चुकीची होती. लहान व भेगाळलेल्या तुकड्याला स्क्रू फोडतो, तार धरते. मोठ्या तुकड्याला स्क्रू चालतो. हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण सांगितलं गेलं नव्हतं. म्हणून दुसरी मागणी कायम आहे: प्रत्येक रुग्णाला वाटा किती आहेत आणि त्याच्यासाठी हीच का, हे सांगावं.” माय चारही प्रती लावून आली. दारावरची बानं तिच्याबरोबर जाऊन सरळ लावली. मी दवाखान्यात होते तोवर ती कुणी काढली नाही.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं होतं, मी जागी होते. पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटत होते. पडद्यापलीकडून हातानं फिरवायच्या गिरमिटाचा आवाज आला, सुताराच्या पडवीत येतो तसाच, आणि हाडाच्या भुशाचा वास. दोन भोकं मी मोजली. मग डॉक्टरांचा आवाज, शिकाऊला सांगणारा, आता बघ, एवढाच पीळ, पुढं नाही. त्यांनी ते मराठीत सांगितलं. मला ऐकू यावं म्हणून सांगितलं की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

व्हरांड्यातली गोष्ट मायनं मला सांगितली. मळेवाल्यानं दुसरं पत्रक वाचून बाला हटकलं होतं.

“काय हो गँगमन, आमच्या स्क्रूवर डोळा व्हता म्हणं तुमच्या पोरीचा?”

“व्हता मालक,” बा म्हणाला. “आता न्हाई. तुमचा तुमाला लखलाभ.”

लोक हसले. मळेवालाही हसला. मग थोड्या वेळानं तो फोटो घेऊन बाच्या चुलीशी आला. आमच्या चुलीशी, माय म्हणाली, आणि इकडंतिकडं न बघता खाली बसला. त्यानं हळूच विचारलं, तुमाला समजलं म्हणतात, मंग आमच्या पोराला स्क्रू का घातला ते बी सांगा. आमाला कुणी बिलकुल सांगितलं न्हाई. मुंबईचा हाय एवढंच ठाऊक.

मला वाटलं होतं की त्याला सगळं सांगितलं असणार, कारण तो मळेवाला. मला वाटलं होतं की न सांगणं फक्त आमच्याच वाट्याला येतं. त्या दवाखान्यात न सांगणं सगळ्यांच्या वाट्याला होतं. फरक एवढाच की आम्हाला ते बोचलं, कारण आम्ही कुडावरच्या पत्रकांत वाढलो होतो. बानं तो फोटो उन्हाला धरला आणि मळेवाल्याला त्याच्या स्वतःच्या मुलाचा गुडघा समजावून सांगितला. हा तुकडा, अर्ध्या सुपारीएवढा, आख्खा, भेग न्हाई. म्हणून खिळा चालला. माय सांगते, भवताली पाचसहा माणसं उभी राहिली, आणि जो तो आपापला फोटो घेऊन आला. बानं बाकीच्यांना हात जोडले. मला दोनच गोष्टी समजल्यात, तिसरी साहेबाला इचारा, म्हणाला. आणि मग ते विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या फेरीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, असं सिस्टर मला वैतागून सांगत होती.

मी सभांमध्ये पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. व्हरांड्यातलं ते भाषण मी ऐकलं नाही, पण मला माहीत असलेल्या भाषणांत ते सगळ्यात चांगलं आहे.

सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढल्यावर पाय वाळक्या काडीसारखा निघाला आणि गुडघा वाकेना. दुखणं खरं तिथून सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाटेच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचा, वजन बांधून वर उचलायचा, रोज. घरात वजन कुठलं. बानं कापडी पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात रुळावरची खडी घातली. पहिल्या दिवशी दोन दगड. चार दिवसांनी तिसरा. गँगमधली माणसं येता-जाता विचारायची, पोरगी किती खडीवर हाय. अकरावर गेले तेव्हा मेट स्वतः येऊन पिशवी उचलून बघून गेला. मी पुस्तक पुढ्यात ठेवून पाय वरखाली करायची, इतिहासाचा एक धडा म्हणजे साठदा.

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना मी सायकल बाहेर काढली. गुडघा पूर्ण वाकत नव्हता. आजही उकिडवं बसताना शेवटची दोन बोटं जागा राहते आणि थंडीत तो बोलतो. पण पायडलला जेवढा लागतो तेवढा वाकत होता. मी गाडीवाटेला लागले. रूळ आला. बा तिथं होता, पहार हातात घेऊन खिळे तपासल्यासारखं करत होता. त्या तुकड्यावर त्या दिवशी गँगचं काम नव्हतं हे मला माहीत होतं. मी उतरले नाही. काटकोनात घातली आणि ओलांडली. त्यानं मान वर केली नाही. मी पुढं गेल्यावर मात्र मागून पहारीचा रुळावर एक ठोका ऐकू आला, खणखणीत. रूळ धड असला की येतो तसा.

मॅट्रिक पास झाले. आता शहरात कॉलेजात आहे, पत्रकं लिहिते, कार्बनवर नाही, सायक्लोस्टाइलवर. चुका अजून होतात. दुरुस्त्या त्याच भिंतीला लावते.

आता तुमचं काम. घरात कुणी पडलं आणि तासाभरात गुडघा फुगला, तर चोळू नका. दोन काठ्या बांधा आणि फोटो काढायला न्या. कागद पुढं आला की सही करण्याआधी विचारा: वाटा किती आहेत, आणि आमच्यासाठी हीच का. समजेपर्यंत हलू नका, आणि समजलं की व्हरांड्यातल्या शेजाऱ्याला सांगा. पण पडायची वाट कशाला बघायची? तुमच्या घरी माळ्यावर, नाहीतर पेटीच्या तळाशी एखादा जुना एक्स-रे पडलेला असेल. तो आजच काढा. ज्याचा आहे त्याला बोलवा, दारात उन्हाला धरा आणि विचारा, हे तुझ्यात का बसवलं. त्याला सांगता आलं नाही, तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा आणि दोघं मिळून विचारून या.